अंत्यदर्शन : कोणाचे आणि कोणासाठी?

सफाळे स्थानकापासून दीड-दोन कोसांवर असलेल्या आमच्या एका वस्तीत गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एक वृद्ध कार्यकर्ता मरण पावला. बापाच्या कडेवर बसून त्याने धम्मदीक्षा घेतली होती. पुढे सारे आयुष्य त्याने दरवर्षी ६ डिसेंबरला वस्तीतील माणसे दादरला नेण्यात आणि सुखरूप परत आणण्यात घालविले. २०१३ साली लोकल गाड्या डहाणूपर्यंत धावू लागल्या, त्यापूर्वी विरारला गाडी बदलताना म्हाताऱ्या बायका आणि पोरे हरवू नयेत म्हणून हा मनुष्य हातात निळे निशाण उंच धरून फलाटावर उभा असे. त्याने कधी निवडणूक लढविली नाही, कधी व्यासपीठावरची खुर्ची मागितली नाही.

तो पहाटे पाच वाजता गेला. दहा वाजेपर्यंत बोईसर, पालघर, विरार येथील नातेवाईक येऊन पोहोचले. बौद्धाचार्य आले. सरणाची लाकडे आली. आणि तेथे सर्व थांबले. मुंबईहून एक पुढारी येणार आहेत, त्यांनी स्वतः दूरध्वनीवर शब्द दिला आहे, तोवर प्रेत हलवू नये, असा निरोप आला. दुपार गेली, रात्र गेली. बर्फाच्या लाद्या दोनदा आणाव्या लागल्या. त्यांचे पैसे उसने काढले. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता, म्हणजे मृत्यूनंतर चौतीस तासांनी, पुढाऱ्यांची मोटार वरई फाट्याकडून आली. पुढाऱ्यांनी पुष्पचक्र वाहिले, छायाचित्रे निघाली, दोन वाक्यांचे भाषण झाले आणि स्मशानापर्यंत न येताच ते पुढच्या कार्यक्रमास गेले. त्यांच्यासाठी मांडलेल्या खुर्च्यांमुळे मृताची पत्नी दाराच्या आत अडकून पडली होती. हारांच्या ढिगात झाकलेला चेहरा तिला धडपणे दिसला नाही. जलदानविधीच्या दिवशी तिने मला एवढेच सांगितले की, साठ वर्षांच्या सोबत्याचे तोंड शेवटी पुढाऱ्याच्या हारांनी झाकले.

त्या दोन दिवसांत वस्तीतील तरुणांनी आणखी एक काम माझ्यावर सोपविले होते. मृतास शासकीय इतमाम मिळावा असा अर्ज तहसीलदारांस लिहून द्यावा, हे ते काम. मी नकार दिला. तेव्हा एक तरुण संतापून म्हणाला, ‘वकीलसाहेब, त्यांच्या माणसांना तिरंगा आणि बंदुकांची सलामी मिळते, मग आमच्या माणसाला का नाही?’ त्याचा संताप खोटा नव्हता. परंतु तो चुकीच्या दरवाजावर धडका मारीत होता. त्या तरुणाला त्या वेळी देता न आलेले उत्तर मी आज सर्व धम्मबांधवांसमोर देत आहे.

प्रथम आपण कोठून आलो ते पाहू. गावगाड्यात आपल्या वाडवडिलांचा मृत्यूशी संबंध होता, पण तो परक्यांच्या मृत्यूशी. गावात कोणी मेले की मयताचा सांगावा घेऊन पाच-दहा कोस धावायचे ते महाराने. सरणाला लाकूड पुरवायचे ते महाराने. आणि या सेवेबद्दल मोबदला कोणता? प्रेतावरचे वस्त्र! दुसऱ्याच्या मढ्यावरून काढलेले कापड आपल्या आज्या-पणज्यांनी अंगावर घेतले, आणि ते वतनी हक्क म्हणून घेतले, ही गोष्ट आपल्या घरातील लहान मुलांना सांगितली पाहिजे. मनूने दहाव्या अध्यायात चांडाळाचे वस्त्र म्हणजे प्रेताचे वस्त्र असे लिहून ठेवले आहे. त्याच मनूने पाचव्या अध्यायात मेलेल्याची वाटदेखील वर्णाप्रमाणे वाटून दिली आहे. शूद्राचे प्रेत नगराच्या दक्षिण दरवाजाने न्यावे आणि द्विजांची प्रेते पश्चिम, उत्तर व पूर्व या दरवाजांनी न्यावीत, असा त्याचा दंडक आहे. श्वास संपला तरी वर्ण संपत नाही, असे सांगणारा हा धर्म. कोणाचे प्रेत कोणत्या रस्त्याने जाईल, कोण ते पाहील, कोणी दूर उभे राहायचे, हे प्रश्न या देशात कधीही केवळ शोकाचे नव्हते. ते दर्जाचे प्रश्न होते आणि आजही आहेत.

आता कुशीनाऱ्याकडे वळू. तथागताचे महापरिनिर्वाण झाल्यावर मल्लांनी सहा दिवस देहाचा सत्कार केला आणि सातव्या दिवशी दहन करण्याचे ठरविले. महापरिनिब्बान सुत्तात असे आले आहे की, मल्लांचा पहिला विचार देह नगराच्या दक्षिणेने बाहेरच्या बाहेर नेऊन दक्षिणेस दहन करण्याचा होता. परंतु तसे झाले नाही. देह उत्तरेकडून नगराच्या मध्यभागी आणला गेला आणि पूर्व दरवाजाने बाहेर काढून मकुटबंधन चैत्यापाशी नेला गेला. ग्रंथात हा बदल देवतांच्या इच्छेने झाला असे सांगितले आहे. देवतांचा भाग आपण बाजूला ठेवू, कारण तो आपल्या श्रद्धेचा विषय नाही. उरते ते असे : ज्या समाजात प्रेत म्हणजे विटाळ, त्या समाजात एका श्रमणाचा देह भर नगरातून, सर्वांच्या डोळ्यांसमोरून गेला. हेच आपल्या परंपरेतील पहिले सार्वजनिक अंत्यदर्शन होय.

पण ते कशा रीतीने झाले, इकडे आमचे लोक लक्ष देत नाहीत. तथागत अखेरच्या शय्येवर असताना मल्लांची कुळेच्या कुळे वंदनास आली. एकेकास सोडले तर रात्र संपेल, हे ओळखून आनंदाने त्यांना कुळाकुळाने पुढे नेले आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरात सर्वांचे वंदन आटोपले. यात कोणासाठी निराळी खुर्ची नव्हती. देहाचे दर्शन त्याने प्रथम स्त्रियांना घेऊ दिले. पुढे राजगृहाच्या संगीतीत आनंदावर जे आक्षेप घेण्यात आले त्यांत हाही एक होता. स्त्रियांना आधी सोडल्यामुळे त्यांच्या अश्रूंनी देह मळला, असे त्याला सुनावण्यात आले. आनंदाने काय उत्तर दिले? त्या बायकांना अवेळ होऊ नये म्हणून मी तसे केले, मला त्यात दोष दिसत नाही, परंतु संघावरील श्रद्धेमुळे मी तो कबूल करतो. वाचकहो, वकिली करताना मी पुष्कळ जबाब वाचले आहेत. इतका नम्र आणि इतका ठाम जबाब क्वचितच माझ्या वाचनात आला असेल. अडीच हजार वर्षांपूर्वी एका भिक्खूने बायकांना घरी जायला उशीर होईल हे ध्यानात घेतले. आमच्या सफाळ्याच्या वस्तीत एका विधवेला स्वतःच्याच दाराबाहेर येता आले नाही.

यावर काही मंडळी महाकाश्यपाचे उदाहरण पुढे करतात. महाकाश्यप येईपर्यंत चिता पेटली नाही, मग आमच्या नेत्यासाठी थांबलो तर काय बिघडले, असा त्यांचा सवाल असतो. हा युक्तिवाद ऐकून हसावे की रडावे हे कळत नाही. महाकाश्यप पावा नगरीहून भिक्खुसंघासह पायी चालत येत होता आणि तथागत गेल्याचे त्याला वाटेतच समजले. येईन म्हणून निरोप धाडून त्याने कोणाला ताटकळत ठेवले नव्हते. तो आला, एक खांदा उघडा करून हात जोडले, तीन प्रदक्षिणा घातल्या, चरणांना वंदन केले. मोटारीतून उतरून छायाचित्रकाराकडे तोंड करून उभे राहणाऱ्याने महाकाश्यपाचे नाव घेऊ नये हे बरे.

याच प्रसंगातील आणखी एक पात्र मला अधिक मोलाचे वाटते. सुभद्द नावाचा, म्हातारपणी प्रव्रजित झालेला एक भिक्खू शोक करणाऱ्या भिक्खूंना म्हणाला की, रडता कशाला, त्या महाश्रमणाच्या जाचातून आपण सुटलो, आता वाटेल ते करू. साक्षात तथागताच्या मृत्यूची बातमी नुकतीच कानी आलेली असताना हे उद्गार निघाले. मग काय झाले? त्याला कोणी मारले काय? त्याचे बिऱ्हाड कोणी फोडले काय? महाकाश्यपाने भिक्खूंना अनित्यतेचे स्मरण दिले आणि पुढे त्या उद्गारांवरून बोध घेऊन धम्म-विनयाची संगीती बोलाविली. अपशब्दाचे उत्तर संगीतीने दिले गेले.

हे सांगण्याचे कारण दूर शोधण्याची गरज नाही. सफाळ्याहून केळवे रोड ओलांडले की पालघर येते. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांचे मुंबईत निधन झाले. दुसऱ्या दिवशी शिवाजी पार्कवर अंत्यदर्शनासाठी प्रचंड जनसमुदाय लोटला, शासकीय इतमाम झाला आणि त्या मैदानावरच दहन झाले. ज्यांना दुःख झाले ते गेले. त्यांच्या शोकाबद्दल मला एक शब्दही वावगा काढावयाचा नाही. मतभेद असलेल्या माणसाच्या प्रेतासमोरही टोपी काढावी, हा सभ्यपणा आपण पाळला पाहिजे. परंतु त्या दिवशी मुंबई बंद का, असा प्रश्न पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर विचारला आणि तिच्या मैत्रिणीने त्याला पसंती दर्शविली. माणसे रोज मरतात, तरी जग चालत राहते, असा तिच्या म्हणण्याचा आशय होता. यात सुभद्दाच्या उद्गारांचा शतांशदेखील नाही. उलट, असे म्हणता येईल की अनित्यतेचा पाठ त्या मुलीने नकळत म्हणून दाखविला. परिणाम काय झाला? तिच्या काकांचे रुग्णालय जमावाने फोडले. दोघींवर गुन्हा दाखल झाला आणि त्यांना अटक झाली. पंधरा-पंधरा हजारांच्या जातमुचलक्यावर त्या सुटल्या.

त्या वेळी मी नुकता वकिलीत पडलो होतो. पालघर हा निराळा जिल्हा नव्हता, तो १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्या दिवसांत न्यायालयाच्या आवारात चहा घेताना मोठमोठे वकील आवाज खाली करून बोलत होते हे मी विसरलेलो नाही. मीदेखील आवाज खाली केला होता. हे कबूल करणे भाग आहे. पुढे दोन पोलीस अधिकाऱ्यांना निलंबित करण्यात आले, गुन्ह्याचे प्रकरण बंद झाले, आणि ज्या कलमाच्या आधारे ही कारवाई झाली ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरविले. देशाच्या घटनात्मक इतिहासातला हा मोठा निकाल आमच्या पालघरच्या एका प्रश्नातून उगम पावला आहे. आणि तो प्रश्न कोणता? दुसऱ्याच्या मृत्यूचा शोक माझ्यावर सक्तीने लादता येईल काय?

संविधानाचे उत्तर स्पष्ट आहे, आणि तथागताचेही. शोक ही वेठ नाही. आपल्या वाडवडिलांनी दुसऱ्यांच्या मृत्यूची वेठबिगार पिढ्यान् पिढ्या केली. ती आपण कोणाकडूनही करून घेऊ शकत नाही. म्हणून मी येथे आपल्याच माणसांना अप्रिय वाटेल असे बोलतो. ६ डिसेंबरला एखाद्या दुकानदाराने दुकान बंद ठेवले नाही, एखाद्या शेजाऱ्याने आपल्या घरचे लग्न त्याच दिवशी काढले, एखाद्या मुलाने काही वेडेवाकडे लिहिले, तर त्याच्या दारावर जाऊन दगड उचलण्याचा अधिकार आपल्याला नाही. लिहिण्यात जातिद्वेषाचा गुन्हा असेल तर फिर्याद द्यावी. मी स्वतः ती फुकट लिहून देईन. पण केवळ आपल्याबरोबर न रडणे हा गुन्हा होत नाही. जी मोजपट्टी पालघरच्या जमावाला लावायची, ती आपल्या जमावालाही लावली पाहिजे, नाहीतर ती मोजपट्टी नव्हे, काठी होय.

‘मग चैत्यभूमीवरची गर्दी तरी कशाला?’ असे विचारणारे शहाणे पुष्कळ आहेत. ही व्यक्तिपूजा आहे, असे ते नाक मुरडून म्हणतात. त्यांना ७ डिसेंबर १९५६ या दिवसाची आठवण द्यावी लागते. ६ डिसेंबरच्या पहाटे दिल्लीत अलिपूर रोडवरील निवासस्थानी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. पार्थिव देह त्याच रात्री विमानाने मुंबईस आणण्यात आला आणि दादरला राजगृहात दर्शनासाठी ठेवण्यात आला. आपला रोज बुडवून, पोरांना खांद्यावर घेऊन माणसे रांगेत उभी राहिली. दुपारी निघालेली अंत्ययात्रा सायंकाळी दादरच्या समुद्रकाठी पोहोचली. बौद्ध पद्धतीने विधी झाला. आणि तेथेच, त्या चितेच्या साक्षीने, भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून लाखाहून अधिक लोकांनी धम्मदीक्षा घेतली. मुंबईचा दीक्षासमारंभ त्याच महिन्यात स्वतः बाबासाहेबांच्या उपस्थितीत व्हायचा होता. तो त्यांच्या चितेपाशी झाला.

अंत्यदर्शनाचे प्रयोजन काय, याचे याहून स्पष्ट उत्तर जगाच्या इतिहासात मला तरी दुसरे ठाऊक नाही. माणसे मृत देह पाहावयास आली आणि नवा जन्म घेऊन परत गेली. बाबासाहेबांचा देह टिकवून ठेवा, असे तेथे कोणी म्हटले नाही. रशियात १९२४ साली लेनिनचा देह मसाले भरून काचेत ठेवला, तेव्हा त्याच्या पत्नीला, क्रुप्स्कायाला, ते मान्य नव्हते. व्हिएतनामच्या हो चि मिन्हने आपल्या मृत्युपत्रात दहनाची इच्छा लिहिली होती. तोही काचेतच आहे. मेलेल्या माणसाचे मत मोडून त्याचा देह राज्याचे भांडवल करण्याची ही तऱ्हा आपल्या वाट्याला आली नाही. तथागताने तर आनंदाला आधीच बजावले होते की, माझ्या देहाच्या पूजेत तुम्ही भिक्खूंनी गुंतू नका, स्वतःच्या कल्याणासाठी झटा. देहाचा सत्कार गृहस्थ पाहून घेतील. गृहस्थांना मनाई नाही, हे ध्यानात घ्यावे. मनाई आहे ती त्यात गुंतून पडण्याची.

आता त्या तरुणाच्या तिरंग्याच्या प्रश्नाकडे येतो. शासकीय इतमाम हा कोणाही नागरिकाचा हक्क नाही. तो शासनाच्या मर्जीचा भाग आहे. राष्ट्रध्वज संहितेप्रमाणे शासकीय, लष्करी वा केंद्रीय निमलष्करी अंत्यविधीतच देहावर ध्वज पांघरता येतो, आणि तो चितेत जाळता किंवा थडग्यात उतरविता येत नाही. इतमाम कोणाला द्यायचा हे सत्तेवर बसलेले ठरवितात, आणि सत्तेचा हिशेब आपल्याला ठाऊक आहे. एखाद्या नटाला तो मिळतो, एखाद्या उद्योगपतीला मिळतो, आयुष्यभर गटारे साफ करून त्याच गटारात गुदमरून मेलेल्याला मिळत नाही. येथे पक्षपात आहे काय? आहे. तो उघड करावा काय? अवश्य करावा. परंतु ज्या मानाची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला आहे, त्या मानावर आपल्या माणसाची थोरवी मोजणे हे नव्या प्रकारचे वतन मागणे आहे. प्रेतावरचे वस्त्र मागण्याची सवय आपण सोडली. आता प्रेतावर घालण्याचे वस्त्र सरकारकडे मागत बसायचे काय? ज्या मनुष्याने निळे निशाण धरून हजारो माणसे दादरला नेली, त्याच्या देहावर तेच निशाण शोभून दिसले असते. ते त्याच्या घरात खुंटीला होते. कोणालाही त्याची आठवण झाली नाही.

आपला खरा हक्क कोठे आहे तो पाहा. १९९५ साली परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील प्रतिष्ठेचा हक्क केवळ जिवंत माणसाला नसून मृत्यूनंतर त्याच्या देहालाही आहे. हा हक्क राष्ट्रपतीच्या देहाला आहे तितकाच रस्त्यावर मेलेल्या बेवारशालाही आहे. स्मशानाच्या वापरात अस्पृश्यता पाळणे हा १९५५ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायद्यात २०१५ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यात दहनभूमी वा दफनभूमी इतरांच्या बरोबरीने वापरण्यास अडथळा करणे हा स्वतंत्र गुन्हा धरला आहे. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्या कुटुंबांनाही या कायद्याचे संरक्षण आहे, कारण १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश झालेला आहे. दीक्षा घेतली म्हणून हे संरक्षण गेले, असे तुम्हाला कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

आणि तरीही २०२० साली हाथरस येथे काय घडले? अत्याचाराला बळी पडलेल्या एका दलित मुलीचा २९ सप्टेंबरला दिल्लीच्या रुग्णालयात मृत्यू झाला. तिचा देह गावी आणला गेला आणि मध्यरात्रीनंतर, घरच्यांना दूर ठेवून, पोलिसांनी तो जाळून टाकला. आई मुलीचे तोंड पाहू द्या म्हणून विनवीत राहिली. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने १ ऑक्टोबरला आपण होऊन या प्रकरणाची दखल घेतली. सन्मानाने अंत्यविधी होण्याचा हक्क, हेच त्या प्रकरणाचे शीर्षक झाले. अंत्यदर्शन हा विषय मोठ्यांच्या थाटामाटाचा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हाथरसच्या त्या आईकडे पाहावे. एकीकडे एका देहासाठी शहरे थांबतात, रस्ते बंद होतात, वाहिन्या दिवसभर दुसरे काही दाखवीत नाहीत. दुसरीकडे एका आईला दोन क्षण मिळत नाहीत. लढायचे असेल तर येथे लढले पाहिजे.

राजस्थानने २०२३ साली मृतदेहाच्या सन्मानासाठी म्हणून एक कायदा केला. त्यात देह ठेवून निदर्शने करणाऱ्यांना शिक्षेची तरतूद आहे. वरवर पाहता कोणीही म्हणेल की, ठीकच आहे, प्रेताचे राजकारण होऊ नये. मी स्वतः या लेखाच्या आरंभी तेच म्हटले. पण थांबा. कोठडीत मुलगा मेला, गुन्हा नोंदवीत नाहीत, आरोपी मोकळे फिरतात, अशा वेळी गरीब कुटुंबाच्या हातात दुसरे कोणते साधन असते? देह ताब्यात घेणार नाही, एवढेच ते म्हणू शकतात. पुढाऱ्याच्या सोयीसाठी चौतीस तास प्रेत ठेवणे आणि न्यायासाठी ठेवणे या दोन गोष्टी एकच आहेत काय? पहिलीत घरच्यांचा शोक दुसऱ्याच्या सोयीखाली दडपला जातो. दुसरीत घरचेच आपल्या मृताच्या वतीने बोलत असतात. महाराष्ट्रात असा कायदा आणण्याची भाषा कोणी केली, तर धम्मबांधवांनी डोळे उघडे ठेवून तो वाचावा. ‘सन्मान’ हा शब्द शीर्षकात आहे एवढ्यावर जाऊ नये.

तेव्हा वस्त्यावस्त्यांतील बुद्धविहारांच्या मंडळींना माझी विनंती आहे. नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबांना अशा वेळी कोणाचे अनुकरण करावे हे कळत नाही, आणि मग ते शेजारच्या श्रीमंतांचे किंवा दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या थाटाचे अनुकरण करतात. त्यांना आधीच सांगून ठेवा. वेळ घरच्यांनी ठरवावी आणि ती सर्वांना एकदाच कळवावी. लांबून येणाऱ्या मुलासाठी, बहिणीसाठी अवश्य थांबावे, कारण शोक त्यांचा आहे. पुढारी येऊ शकले तर आनंद आहे, परंतु त्यांनी रांगेत उभे राहावे. लंडनला २०२२ साली राणीच्या अंत्यदर्शनाला सुमारे अडीच लाख लोक रांगेने गेले, नामांकित खेळाडूही बारा-बारा तास त्या रांगेत उभे राहिले. तेथेही खासदारांना रांग टाळण्याची मुभा होती आणि लोकांनी त्यावर टीका केली. राजा-राणी मानणारे लोक जर एवढे समजू शकतात, तर समतेची दीक्षा घेतलेल्यांना ते जड जाऊ नये. चेहरा उघडा असावा, फुले पायाशी असावीत. कर्ज काढून बर्फ, मंडप आणि फलक आणू नयेत. त्या कार्यकर्त्याच्या घरी लावलेल्या फलकावर मृताच्या चित्रापेक्षा श्रद्धांजली वाहणाऱ्यांची चित्रे मोठी होती, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आणि अश्रूंनी देह मळतो असे म्हणणारा कोणी भेटलाच, तर त्याला आनंदाचा जबाब वाचून दाखवावा.

आमच्या वस्तीतील त्या पुढाऱ्याचे नाव मी येथे दिलेले नाही. मागाहून त्यांची भेट झाली असता मी त्यांना हे सारे तोंडावर सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि, मला कोणी सांगितलेच नाही की तुम्ही खोळंबून बसला आहात, असे म्हणाले. ते खोटे बोलत होते असे मला वाटत नाही. ‘साहेब येईपर्यंत हलवायचे नाही’ हा हुकूम साहेबांचा नव्हताच, तो आपल्याच चार माणसांनी काढला होता. मामलेदार यायच्या आधी वेशीवर हात जोडून उभे राहणारी ती जुनी सवय आहे. फक्त मामलेदार बदलला.

कायद्याने प्रेतावर कोणाची मालमत्ता नसते. त्यामुळे आपल्या अंत्यविधीबद्दल मृत्युपत्रात लिहिलेल्या सूचना वारसांना काटेकोरपणे बांधून ठेवीत नाहीत. तरी मी त्या लिहून ठेवल्या आहेत. सहा तासांच्या आत देह हलवावा, माझी बहीण सुरतेहून निघाली असेल तर तेवढे थांबावे. घरातील आणि वस्तीतील स्त्रियांनी आधी दर्शन घ्यावे, त्यांना पाहिजे तितका वेळ. त्रिशरण-पंचशील मोठ्याने म्हणावे. अंगणात एकही खुर्ची मांडू नये, गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी बाक आणावेत. कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत. त्यांतली एक त्या कार्यकर्त्याच्या पत्नीची आहे. प्रौढ साक्षरता वर्गात शिकलेली अक्षरे जुळवून तिने ती पाच मिनिटे घेऊन केली, आणि सही झाल्यावर विचारले की, असाच एक कागद माझाही करून द्याल काय?